स्नायू का रोडावतात? पेशींमधील प्रथिनांच्या मोडणीची माहिती



आपल्या आरोग्यविषयक माहितीच्या पानासाठी या वेळी आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. विषय पेशीच्या आतला आहे, पण त्याचे परिणाम आपल्या घरात दिसतात. भारतातून आलेले आई-बाबा किंवा सासू-सासरे एखाद्या ऑपरेशनसाठी, नाहीतर न्यूमोनियासाठी आठ-दहा दिवस हॉस्पिटलमध्ये राहतात. आजार बरा होतो, रिपोर्ट चांगले येतात, पण घरी आल्यावर सोफ्यावरून उठायला दोघांचा हात लागतो. मांड्या बारीक झालेल्या असतात, जिना चढवत नाही. आपण म्हणतो, "अशक्तपणा आला आहे, आराम करा, हळूहळू ताकद येईल." काही जणांना ती येते, काही जणांना पूर्वीसारखी कधीच येत नाही.

हा अशक्तपणा म्हणजे नक्की काय, हे शास्त्रज्ञांना गेल्या काही दशकांत बरेच उलगडले आहे. जुना कपडा विरत जातो तसा स्नायू आपोआप विरत नाही. पेशी तो स्वतःच मोडते, तेही ठरलेल्या यंत्रणेने, हिशेबाने आणि ऊर्जा खर्च करून. त्या यंत्रणेची काही बटणे आपल्या हातात आहेत. म्हणूनच ही माहिती प्रत्येक घरात असावी असे आम्हाला वाटते.

रोज पाडणे, रोज बांधणे

आपले शरीर एकदा बांधले की वर्षानुवर्षे तसेच राहते आणि खाल्लेले अन्न फक्त इंधन म्हणून जळते, अशी समजूत १९३० च्या दशकापर्यंत होती. ती खोडून काढली रुडॉल्फ शोएनहायमर यांनी. हे शास्त्रज्ञ १९३३ मध्ये जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना नायट्रोजनच्या जड अणूंची खूण असलेली अमिनो आम्ले खाऊ घातली. खूण केलेला नायट्रोजन लघवीवाटे निघून जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग उंदरांच्या अवयवांतील प्रथिनांमध्ये जाऊन बसला. उंदरांचे वजन मात्र तेवढेच राहिले होते. म्हणजे जितकी नवी प्रथिने बांधली गेली, तितकीच जुनी मोडली गेली असली पाहिजेत.

आज आपल्याला माहीत आहे की सुमारे ७० किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला अंदाजे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिने मोडली जातात आणि जवळजवळ तेवढीच नव्याने बांधली जातात. आपण जेवणातून घेतो ती साधारण ६० ते ८० ग्रॅम. याचा अर्थ नव्या बांधकामाचा बहुतेक माल जुन्या बांधकामातूनच येतो. जुन्या वाड्याच्या विटा आणि सागवान नव्या घराला वापरावे, तसाच हा प्रकार आहे.

प्रत्येक प्रथिनाचे आयुष्य सारखे नसते. पेशीच्या वाढीवर नियंत्रण ठेवणारी काही प्रथिने दहा-वीस मिनिटांत मोडली जातात. लाल रक्तपेशीतले हिमोग्लोबिन पेशीबरोबर सुमारे १२० दिवस टिकते. डोळ्याच्या भिंगातील क्रिस्टलिन हे प्रथिन तर जन्मभर बदलले जात नाही, आणि उतारवयात मोतीबिंदू होण्याचे तेही एक कारण आहे.

मोडायचे कशासाठी?

मेहनतीने बांधलेले प्रथिन पेशी मोडते याची मुख्य कारणे तीन.

१. खराब माल काढून टाकणे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. ती ठरावीक पद्धतीने घडी घालून बसली तरच काम करते. घडी चुकलेली किंवा उष्णतेने बिघडलेली प्रथिने साचली तर पेशीला घातक ठरतात.

२. काम झाल्यावर थांबवणे. पेशी विभागण्याचा संदेश देणारे प्रथिन काम झाल्यावरही तसेच राहिले तर पेशी विभागतच राहील. म्हणून काम संपले की ते मोडून टाकावे लागते.

३. अडचणीच्या वेळी अमिनो आम्ले मिळवणे. उपासमार, गंभीर आजार किंवा मोठी जखम असेल तेव्हा शरीर आपल्याच प्रथिनांतून गरजेचा माल काढते. स्नायूंचा संबंध येतो तो मुख्यतः इथे.

पहिली व्यवस्था: लायसोसोम

पेशीमध्ये मोडणीच्या दोन मोठ्या व्यवस्था आहेत. त्यातली पहिली बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियन द दूव्ह यांनी १९५५ मध्ये जगापुढे मांडली. पेशीच्या आत छोट्या पिशव्या असतात, त्यात आम्लता असते आणि जवळजवळ काहीही पचवू शकणारी एन्झाइम्स असतात. या पिशव्यांना त्यांनी लायसोसोम असे नाव दिले. १९७४ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

पेशी आपल्याच आतला एखादा भाग, उदाहरणार्थ जुने झालेले मायटोकॉन्ड्रिया, पडद्यात गुंडाळते आणि लायसोसोमच्या हवाली करते. या क्रियेला द दूव्ह यांनी १९६३ मध्ये 'ऑटोफॅजी' म्हणजे स्वभक्षण हे नाव दिले. जपानचे योशिनोरी ओहसुमी यांनी यीस्टमध्ये या क्रियेची जनुके शोधून काढली आणि २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. ऑटोफॅजी थोडी चालू असणे स्नायूंसाठी आवश्यक असते, कारण तिच्यामुळे आतला कचरा निघतो. ती अति झाली तर मात्र स्नायू घटतो.

दुसरी व्यवस्था: चिठ्ठी लावून मोडणे

लायसोसोमने सगळा उलगडा होत नव्हता. १९५३ मध्येच असे दिसले होते की यकृताच्या पेशीत प्रथिने मोडायला ऊर्जा लागते. हे कोडेच होते. पोटात आपण डाळ किंवा मासे पचवतो तेव्हा प्रथिनांचे बंध तोडण्यासाठी एन्झाइम्सना इंधन लागत नाही. मग पेशीच्या आत तेच काम करायला एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, का खर्च व्हावे?

हार्वर्डचे आल्फ्रेड गोल्डबर्ग आणि त्यांचे सहकारी एटलिंगर यांनी १९७७ मध्ये सशाच्या अपक्व लाल रक्तपेशी घेतल्या. त्या पेशींत लायसोसोम नसतात, तरीही एटीपी असेल तर त्यांच्या अर्कात बिघडलेली प्रथिने मोडली जात होती. म्हणजे दुसरी काहीतरी यंत्रणा नक्की होती. ती शोधली हैफाच्या टेक्निऑन संस्थेतील अव्राम हर्श्को आणि त्यांचे विद्यार्थी आरोन सिएखानोव्हर यांनी. फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कॅन्सर सेंटरमधील अर्विन रोझ यांच्याबरोबर त्यांचे बरेच काम झाले. या तिघांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. विज्ञानातले नोबेल इस्राएलकडे येण्याची ती पहिलीच वेळ होती. इस्राएलमधल्या आपल्या मराठी वाचकांना तेव्हाचा आनंद आठवत असेल.

ही यंत्रणा अशी चालते. मुंबईत जुनी इमारत धोकादायक ठरली की आधी तिच्यावर पालिकेची नोटीस लागते आणि नंतरच पाडकाम होते. पेशीतही नोटीस लावल्याशिवाय पाडकाम नाही. तिथली नोटीस म्हणजे युबिक्विटिन नावाचे ७६ अमिनो आम्लांचे चिमुकले प्रथिन. यीस्टपासून माणसापर्यंत ते सगळीकडे सापडते, आणि यीस्टच्या व आपल्या युबिक्विटिनमध्ये फक्त तीन अमिनो आम्लांचा फरक आहे. कोट्यवधी वर्षांत निसर्गाने जे जवळजवळ बदलले नाही, ते जगण्यासाठी किती महत्त्वाचे असेल याची कल्पना यावरून येते.

पायऱ्या पुढीलप्रमाणे:

- पहिले एन्झाइम (ई-१) एटीपी खर्चून युबिक्विटिनला तयार करते. ऊर्जा लागते ती आधी इथे.
- दुसरे एन्झाइम (ई-२) ते युबिक्विटिन आपल्याकडे घेते.
- तिसरे एन्झाइम (ई-३) कोणते प्रथिन मोडायचे ते ओळखते आणि त्याच्यावर युबिक्विटिन चिकटवायला लावते. माणसात ई-१ फक्त दोन आहेत, ई-२ चाळीसच्या आसपास, पण ई-३ सहाशेहून अधिक आहेत. निवड करण्याचे काम त्यांचे असल्यामुळे ती इतकी लागतात.
- एकावर एक युबिक्विटिन लागून साखळी झाली की ते प्रथिन प्रोटीअसोमकडे जाते.

प्रोटीअसोम हे पिंपासारखे पोकळ यंत्र आहे. सात-सात तुकड्यांच्या चार चकत्या एकावर एक ठेवून हे पिंप तयार होते, आणि त्याच्या टोकाला झाकण असते. झाकणापाशी युबिक्विटिन सोडवून घेतले जाते, कारण ते पुन्हा वापरायचे असते. मग प्रथिनाची घडी उलगडून त्याचा धागा आत ओढला जातो. यालाही एटीपी लागतो. कापणारी पाती पिंपाच्या आतल्या बाजूला असतात, त्यामुळे बाहेरच्या चांगल्या प्रथिनांना धक्का लागत नाही. बाहेर पडतात ते बहुतेक तीन ते पंचवीस अमिनो आम्लांचे तुकडे. इतर एन्झाइम्स त्यांची सुटी अमिनो आम्ले करतात.

कोड्याचे उत्तर हेच. ऊर्जा खर्च होते ती निवड करण्यासाठी. पेशी काहीही आणि कधीही मोडत नाही, निवडून मोडते.

स्नायू: शरीराची मुदत ठेव

आपल्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग स्नायूंचा असतो आणि शरीरातली जवळजवळ निम्मी प्रथिने त्यांच्यात असतात. चरबी साठवायला शरीराकडे वेगळी जागा आहे, साखर थोडीफार ग्लायकोजेनच्या रूपात साठते. प्रथिनांसाठी मात्र वेगळे कोठार नाही. हात-पाय हलवणारे स्नायूच वेळप्रसंगी कोठाराचे काम करतात. अडचणीत बँकेतली मुदत ठेव मोडावी, तसे शरीर ते मोडते.

उपाशी राहिल्यावर मेंदूला साखर हवी असते आणि चरबीपासून पुरेशी साखर बनत नाही. म्हणून स्नायूंतून अमिनो आम्ले यकृताकडे जातात आणि यकृत त्यांची साखर करते. गंभीर जंतुसंसर्गात प्रतिकारासाठी आणि जखम भरण्यासाठी नवी प्रथिने लागतात, तोही माल स्नायूंतूनच येतो. माणूस वाचावा म्हणून असलेली ही सोय आहे. ठेव लहान असेल, किंवा मोडणे थांबलेच नाही, तेव्हा तीच महागात पडते.

हे बटण चालू-बंद होते कसे? जेवण झाल्यावर इन्सुलिन वाढते. इन्सुलिन आणि त्याच्यासारखेच आयजीएफ-१ हे संप्रेरक स्नायूपेशीला सांगतात, "माल आला आहे, बांधकाम चालू ठेवा." या संदेशामुळे फॉक्सओ नावाची प्रथिने पेशीकेंद्राबाहेर अडवून धरली जातात. संदेश थांबला की फॉक्सओ केंद्रात शिरतात आणि मोडणीची जनुके जागी करतात. त्यातली दोन महत्त्वाची जनुके २००१ मध्ये सापडली. त्यांची नावे ॲट्रोजिन-१ आणि मर्फ-१. दोन्ही स्नायूंतली ई-३ एन्झाइम्स आहेत, म्हणजे नोटीस कोणावर लावायची ते ठरवणारी. यातले एखादे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या पायाची नस तोडली, तरी त्यांचे स्नायू नेहमीच्या उंदरांपेक्षा कमी रोडावले.

गोल्डबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. उपासमार, कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे आणि अनियंत्रित मधुमेह ही चार अगदी वेगळी कारणे, पण उंदरांच्या स्नायूंत चारींमध्ये बरीचशी तीच जनुके वर किंवा खाली गेलेली दिसली. दरवाजे वेगळे असले तरी आतला रस्ता बराचसा एकच होता.

मोडणी वाढवणारी नेहमीची कारणे अशी:

- पुरेसे न खाणे, विशेषतः आजारपणात
- मोठा जंतुसंसर्ग, भाजणे, मोठे ऑपरेशन
- कर्करोग, आणि हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसांचे जुने आजार
- ताब्यात नसलेला मधुमेह
- जास्त मात्रेत आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स
- स्नायूकडे जाणारी नस दुखावणे
- प्लास्टर घालणे किंवा अंथरुणाला खिळणे

शेवटच्या कारणाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माणूस नुसताच पडून असेल तर स्नायू घटण्यात नवे बांधकाम मंदावण्याचा वाटा मोठा असतो. त्यात ताप किंवा जंतुसंसर्ग आला की मोडणीचा वेगही वाढतो. हॉस्पिटलमधल्या वृद्ध माणसाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदम होतात. जमा कमी आणि खर्च जास्त.

दहा दिवसांत काय होते?

अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या, पूर्णपणे निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. त्यांना ताप नव्हता, ऑपरेशन नव्हते, आणि जेवणातील प्रथिने सरकारी शिफारशीइतकी होती. दहा दिवसांत त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाला. निरोगी माणसाची ही गत, मग आजारी माणसाचे काय होत असेल?

वय वाढते तसा स्नायू तसाही घटत जातो. या घटीला १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव सुचवले. तरुणपणी मोडलेली ठेव पुन्हा भरते. सत्तरीनंतर ती भरायला जास्त वेळ आणि जास्त प्रयत्न लागतात, कारण तेवढ्याच जेवणाला आणि तेवढ्याच हालचालीला वृद्ध स्नायू कमी प्रतिसाद देतो.

आपल्या लोकांची ठेव मुळात लहान

इथे पुण्यात झालेल्या कामाचा उल्लेख करायलाच हवा. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुण्याकडील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते आणि इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या बाळांमध्ये कमी होते ते स्नायू आणि पोटातील अवयव. त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती.

पुढच्या वर्षी डॉ. याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

सांगायचे असे की काट्यावरचे वजन 'नॉर्मल' दिसले तरी आपल्या लोकांत त्यातला स्नायूंचा वाटा कमी असू शकतो. जेवणानंतर रक्तातील साखर शोषून घेण्याचे मोठे काम स्नायूच करतात. स्नायू कमी तर मधुमेहाचा धोका अधिक, आणि मधुमेह ताब्यात नसेल तर मोडणी अधिक, असे हे चक्र आहे.

यावर औषध आहे का?

मोडणीचे यंत्रच बंद केले तर? हाच विचार करून गोल्डबर्ग यांनी १९९३ मध्ये एक कंपनी काढली होती. प्रोटीअसोम अडवणारे औषध तयार करायचे आणि स्नायूंचा ऱ्हास थांबवायचा, असा बेत होता. औषध तयार झाले, पण त्याचा उपयोग झाला भलत्याच ठिकाणी. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात बिघडलेल्या पेशी प्रचंड प्रमाणात प्रथिने तयार करतात. त्यांचा कचरा काढण्याचा मार्ग बंद झाला की त्या मरतात. बोर्टेझोमिब या नावाने त्या औषधाला २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि असंख्य रुग्णांना त्याचा फायदा झाला आहे.

स्नायूंसाठी मात्र ते चालत नाही. प्रोटीअसोम प्रत्येक पेशीला लागतो, तो सरसकट बंद ठेवता येत नाही. कर्करोगातील वजन घटीवर काही औषधांचे काम चालू आहे. जपानमध्ये २०२१ मध्ये ॲनामोरेलिन या भूक वाढवणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली. पण घरातल्या वृद्ध माणसाला देता येईल आणि त्याचे स्नायू परत येतील अशी गोळी आज नाही. उपाय आहेत ते दोनच, व्यायाम आणि आहार, तेही जोडीने.

व्यायाम: नव्वदीतही उपयोगी

बॉस्टनमधील एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फिआतारोने यांनी केलेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभर वृद्ध होते, सरासरी वय ८७. त्यांच्यातील एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा पायांचे वजन उचलण्याचे व्यायाम केले. त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याची शक्ती वाढली. ज्यांना व्यायामाशिवाय नुसते पौष्टिक पेय दिले, त्यांना ताकदीत फायदा झाला नाही. स्नायूवर भार पडला की बांधकामाचा आदेश निघतो, आणि आदेश असेल तरच आलेला माल उपयोगी पडतो.

रोजचे फिरणे हृदयासाठी उत्तम आहे, ते सोडू नये. पण स्नायू टिकवायला थोडा भारही लागतो. घरच्या घरी करण्याजोगे सर्वांत सोपे म्हणजे हात न टेकता खुर्चीतून उठणे आणि सावकाश बसणे. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा. ओट्याला धरून टाचा उचलणे आणि जिन्याच्या एका पायरीवर चढ-उतार करणे हेही चांगले. तोल जात असेल तर शेजारी कोणीतरी उभे राहावे.

आहार: पेज आणि चहा-बिस्किट पुरत नाही

प्रौढांसाठी प्रथिनांची नेहमीची शिफारस वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम अशी आहे. पासष्टीनंतर १.० ते १.२ ग्रॅम, आणि आजारपणात १.२ ते १.५ ग्रॅम घ्यावे, असे २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचवले. म्हणजे ६० किलो वजनाच्या आजींना रोज ६० ते ७२ ग्रॅम हवेत, आणि आजारात त्याहून अधिक.

आपल्याकडे आजारी माणसाला आपण काय देतो? तांदळाची पेज, मऊ भात-तूप, चहा-बिस्किट, फार तर पातळ वरण. पोटाला हे हलके आहे, पण अशा दिवसभराच्या जेवणात गरजेच्या निम्मी प्रथिनेसुद्धा मिळणे कठीण. पुढील आकडे अंदाजे आहेत:

- घट्ट वरण, एक वाटी: ७ ग्रॅम (पातळ आमटीत बरेच कमी)
- शिजवलेले छोले किंवा राजमा, एक कप: १५ ग्रॅम
- दूध, एक कप: ८ ग्रॅम
- दुकानातले घट्ट ग्रीक योगर्ट, पाऊण कप: १५ ग्रॅम
- पनीर, १०० ग्रॅम: १८ ग्रॅम
- एक अंडे: ६ ग्रॅम
- शिजवलेले चिकन, १०० ग्रॅम: २५ ते ३० ग्रॅम
- शिजवलेले मासे, १०० ग्रॅम: २० ते २५ ग्रॅम
- शेंगदाणे, एक मूठ (३० ग्रॅम): ७ ग्रॅम
- एक पोळी: ३ ग्रॅम
- साबुदाणा: जवळजवळ शून्य

पेज द्यायचीच तर तिच्यात मुगाची डाळ शिजवावी. उपमा आणि शिऱ्यात पाण्याऐवजी दूध वापरता येते. धिरडी बेसनाची किंवा मुगाची करावीत. रात्री एकदम भरपूर खाण्यापेक्षा तिन्ही जेवणांत प्रथिने विभागून घेणे चांगले.

हॉस्पिटलमध्ये असताना

आपल्या ज्येष्ठांची इथे एक खास अडचण असते. भाषा परकी, जेवण परके, आणि "नर्सला कशाला त्रास द्यायचा" हा स्वभाव. पडण्याच्या भीतीने कर्मचारीही त्यांना पलंगावरच ठेवतात. म्हणून घरच्यांनी या गोष्टी विचाराव्यात:

- त्यांनी खुर्चीत कधी बसायचे आणि कधी चालायचे? फिजिओथेरपिस्ट कधी येणार?
- शाकाहारी, पण प्रथिने भरपूर असलेले जेवण मिळेल का? घरून आणलेले चालेल का?
- तपासणीसाठी उपाशी ठेवले असेल तर जेवण पुन्हा कधी सुरू होणार?
- चष्मा, कानाचे यंत्र, कवळी आणि घरच्या चपला त्यांच्याजवळ आहेत ना? कवळीशिवाय जेवण होत नाही आणि चष्म्याशिवाय चालणे होत नाही.
- घरी सोडताना व्यायामाचा लेखी कार्यक्रम मिळेल का?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आठवड्यातून एकदा उपास केला तर स्नायू जातात का?*
निरोगी माणसाचे एका दिवसाच्या उपासाने नुकसान होत नाही. पण वृद्ध माणूस, आजारातून उठलेला माणूस किंवा मधुमेही यांनी तो डॉक्टरांना विचारून करावा. उपास असलाच तर साबुदाण्याच्या जोडीला दूध, दही आणि दाण्याची आमटी असू द्यावी.

*जास्त प्रथिनांनी मूत्रपिंड बिघडते का?*
मूत्रपिंड निरोगी असेल तर वर दिलेल्या प्रमाणाची भीती नाही. ज्यांचा मूत्रपिंडाचा आजार पुढे गेला आहे, पण डायलिसिस चालू नाही, त्यांनी प्रमाण स्वतः वाढवू नये. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांनाच विचारावे.

*प्रोटीन पावडर घ्यावी का?*
जेवणातून भागत असेल तर गरज नाही. भूक नसेल, दात नसतील तर दुधात घालून देणे सोयीचे पडते. व्यायामाची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.

*वजन कमी करण्याच्या नव्या इंजेक्शनांनी स्नायूही कमी होतात का?*
वजन कोणत्याही मार्गाने झपाट्याने उतरले तरी त्यात चरबीबरोबर काही स्नायूही जातो. सेमाग्लुटाइडसारखी औषधे त्याला अपवाद नाहीत. म्हणून ती घेताना प्रथिने आणि भाराचा व्यायाम यांकडे जास्त लक्ष द्यावे.

*कोणत्या लक्षणांसाठी डॉक्टरांकडे जावे?*
प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले, खुर्चीतून उठणे अवघड झाले, वारंवार पडणे होऊ लागले किंवा एकच हात वा पाय बारीक होऊ लागला, तर वाट पाहू नये.

मंडळी, आपल्या संस्कृतीत वडीलधाऱ्यांना बसल्या जागी सगळे हातात देणे ही सेवा समजली जाते. त्यामागचे प्रेम खरे आहे. पण पेशीला प्रेम कळत नाही, तिला भार आणि अन्न कळते. पाण्याचा पेला हातात देण्याऐवजी "आई, चला, आपण दोघी ओट्यापर्यंत जाऊन घेऊ या" असे म्हणणे ही अधिक मोठी सेवा आहे. पुढच्या वेळी मंडळाच्या कार्यक्रमाला ज्येष्ठांना घेऊन याल, तेव्हा गाडी दारापर्यंत न आणता थोडी अलीकडे लावा आणि त्यांच्याबरोबर सावकाश चालत या. त्यांच्यासाठी आम्ही पुढच्या रांगेतल्या खुर्च्या राखून ठेवू, आणि मध्यंतरात त्यांना उठवूही!

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. आपल्या घरातील रुग्णाच्या आहारात किंवा व्यायामात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा.)